उपग्रह डोंगराआड जाण्याआधी

मुठा खोऱ्यात मोबाइलची रेंज पंचायतीच्या नळासारखी येते. दूध डेअरीच्या ओट्यावर बऱ्यापैकी, देवळाच्या मागे कशीबशी आणि आमच्या घराच्या वरच्या माळावर अजिबात नाही. घरात वायरचे इंटरनेट आहे, त्यावर सगळ्यांचे काम चालते. वृत्तपत्रातली नोकरी संपल्यावर मी इथे तळमजला भाड्याने घेतला आणि हौशी रेडिओचा परवाना काढला. खिशात मावणारा, हातात धरून बोलण्याचा एक संच घेतला. गच्चीवर एक उभी कांडी लावली. ती कांडी पाहूनच वरच्या मजल्यावर नव्याने आलेली भाडेकरू माझ्या दारात उभी राहिली.

"काका, ही टू मीटरची आहे ना?"

टू मीटर म्हणजे हातातले संच ज्यावर बोलतात तो लहरींचा पट्टा. खोऱ्यात हा प्रश्न मला तोवर कोणी विचारला नव्हता. बहुतेकांना ती कांडी वीज अडवण्यासाठी किंवा माकडे घालवण्यासाठी आहे असे वाटे.

ती लातूरची, हिंजवडीला एका कंपनीत कामाला. वडील विज्ञानाचे शिक्षक होते. शाळेच्या नोकरीत असल्यापासून त्यांच्या घराच्या गच्चीवर अँटेनाचा मनोरा होता आणि खालच्या खोलीत रेडिओचे स्टेशन. ती लहानपणी शेजारी स्टुलावर बसून दुसऱ्या हेडफोनमध्ये ऐकत असे. मंगोलिया, केनिया, जहाजावरचा कोणी खलाशी. ऐकायला पूर्ण मुभा होती. बोलण्याचे बटण मात्र वडिलांनी तिला एकदाही दाबू दिले नाही. परवाना नाही, तर बटण नाही. कायदा तसाच आहे, आणि ते कायद्यात घरच्यांसाठी वेगळी जागा ठेवणारे गृहस्थ नव्हते.

मग तिचे शिक्षण, नोकरी, शहर बदलणे यात रेडिओ मागे पडला. परवान्याची परीक्षा तिने दिली ती इतक्या उशिरा. कॉलसाइन, म्हणजे हवेवर ओळख सांगण्याचे अक्षर-आकड्यांचे नाव, तिच्या हातात पडले भातकापणीच्या दिवसांत. त्याच आठवड्यात वडिलांनी फोनवर सांगितले की ते लातूरचे घर सोडून मुलाकडे बंगळूरला राहायला जात आहेत. फ्लॅटच्या गच्चीवर अँटेनाला परवानगी नाही. हातात अँटेना धरून बागेत उभे राहावे, तर गुडघे साथ देत नाहीत. सगळे संच त्यांनी गावातल्या एका महाविद्यालयाला द्यायचे ठरवले होते. रविवारी संध्याकाळी टेम्पो येणार होता, मनोराही त्याच दिवशी उतरणार होता.

"मला एकदाच पाहिजे," ती म्हणाली. "त्यांच्या स्टेशननं माझ्या स्टेशनशी बोलायचं. टेम्पो यायच्या आत."

"फोन तर रोज होतो तुमचा."

"फोनवर ते बाबा असतात, काका."

"आणि हवेवर?"

"तेच तर बघायचंय."

लातूर इथून लांब. तिच्याकडे फक्त हातातला संच, माझ्यासारखाच. त्याच्या लहरी सरळ रेषेत जातात, आणि आमच्या चहूबाजूंनी सह्याद्री. डोंगरमाथ्यावरच्या यंत्राकरवी आमचा आवाज पुण्यापर्यंत जाई, पुढे नाही. इंटरनेटने जोडलेल्या रेडिओचा एक मार्ग होता, तो वडिलांनी एका वाक्यात निकाली काढला. "त्यात वायर आली. मग फोनच कर की." राहिला एकच रस्ता. खोऱ्यातून वर पाहिले की जेवढे आकाश दिसते, त्यातून हौशी रेडिओवाल्यांचा आवाज पकडून परत खाली टाकणारा एक उपग्रह जातो. तो डोंगरावर आला की काही मिनिटे मिळतात, त्या फेरीला पास म्हणतात, आणि तेवढ्यात अर्ध्या देशातले लोक त्याच एका वाटेने बोलायला बघतात. तिच्या वडिलांच्या मनोऱ्यावर त्यासाठीची फिरती अँटेना होतीच.

मी बातम्यांच्या धंद्यात आयुष्य काढले. कोणत्या गोष्टीने आपला श्वास जलद व्हावा याची यादी वयाबरोबर आखडत जाते. उपग्रहाचे गणित मांडताना माझा झाला.

संचाचे प्रोग्रॅमिंग आम्ही माझ्या टेबलावर केले. केबलने संच संगणकाला जोडला की त्याच्या पोटातले सगळे चॅनल पडद्यावर ओळीने उघडतात. उपग्रहासाठी एकच चॅनल पुरत नाही. घाटात समोरून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न जवळ येताना उंच वाटतो आणि पुढे गेला की खाली उतरतो. उपग्रहाचेही तसेच होते, म्हणून ऐकण्याची फ्रीक्वेन्सी थोडी थोडी खाली सरकवत न्यावी लागते. आम्ही ओळीने चॅनल भरले. सुरुवातीला वरचा आकडा, डोक्यावर असताना मधला, जाताना खालचा. नावे तिने ठेवली: "आला", "येतोय", "डोक्यावर", "चालला", "गेला". संचाच्या इवल्या पडद्यावर देवनागरी उमटत नाही, त्यामुळे रोमन लिपीत.

पहिल्या चाचणीला उपग्रह स्वच्छ ऐकू आला. तिने कॉलसाइन सांगितले. कोणीही दखल घेतली नाही. पुन्हा सांगितले. तमिळनाडूतला एक माणूस हैदराबादच्या माणसाशी निवांत बोलत राहिला, जणू ही अस्तित्वातच नाही. घरी येऊन ओळी तपासल्या. आवाजासोबत एक खोल, कानाला जेमतेम जाणवणारा स्वर पाठवावा लागतो. तो असेल तरच उपग्रह आवाज आत घेतो. तो स्वर आम्ही भरला होता, पण ऐकण्याच्या रकान्यात. बोलण्याचा रकाना मोकळा होता.

"म्हणजे मी दारावर उभी राहून आपलीच बेल ऐकत होते," ती म्हणाली आणि इतकी हसली की मालकीणबाई चौकशीला आल्या.

अँटेना आम्ही चाचणीआधीच हातांनी केली होती. गवंड्याकडे असतो तसा पोलादी मोजणीचा टेप हार्डवेअरच्या दुकानातून आणला, पत्र्याच्या कात्रीने त्याचे तुकडे केले आणि प्लॅस्टिकच्या नळीवर आडवे बसवले. पिवळ्या पट्ट्या, त्यावर काळे आकडे. झुडपात अडकली तर पट्टी वाकते आणि सुटली की टणकन सरळ होते. जगभर लोक अशा अँटेना करतात. मुळशीत ती हातात घेऊन हिंडले की लोक काय समजतात, ते आमचे घरमालक पहिल्याच दिवशी सांगून गेले.

"काय वो पेपरवाले, मोजणी काडली व्हय?"

"नाही मालक, रेडिओची अँटेना आहे."

"लांबनं मोजणीच वाटतीया. हितं टेप दिसला की मान्साच्या पोटात गोळा येतुया. जपून."

मालकांचे म्हणणे विनोदाने घेण्याजोगे होते, निदान त्या दिवशी. खोऱ्यात जमिनी विकल्या जात होत्या, शनिवार-रविवारच्या बंगल्यांची कुंपणे पडत होती आणि भावकीतला प्रत्येक बांध संशयाखाली होता. आम्हाला मोकळे आकाश मिळणार होते ते घरामागच्या वरकस, भात न पिकणाऱ्या माळावर. तो मालकांचा. त्याला लागून त्यांच्या चुलतभावाचा. मधला बांध दोघांच्या मते दोन वेगळ्या ठिकाणी होता.

शनिवारी दुपार कलल्यावर आम्ही तिघे माळावर गेलो. मालक हौसेने आले. गवत वाळून पिवळे झाले होते, खाली खाचरांत कापलेल्या भाताचे खुंट. ती वायव्येकडे अँटेना रोखून उभी राहिली. खरखर सुरू होती. मग खरखरीला भोक पडावे तशी शांतता आली आणि तिच्यातून एकदम माणसे बोलू लागली.

"आला!" ती ओरडली.

वडिलांचा आवाज तिने पहिल्या अक्षराला ओळखला. ते आपले कॉलसाइन सांगत होते, शांत, वर्गात हजेरी घेतल्यासारखे. तिने बटण दाबले आणि स्वतःचे सांगितले. बटण सोडले. उत्तर आले, पण वडिलांचे नाही. केरळातल्या एका स्टेशनने तिला हाक मारली होती. नवीन कॉलसाइन हवेवर आले की जुने लोक त्याच्याकडे वळतात, नव्या माणसाला पहिला मान द्यायची ही त्यांची रीत. तिने केरळला उत्तर दिले, कारण हाक मारणाऱ्याला उत्तर न देणे उद्धटपणा. लगेच दिल्लीचा एक. मग श्रीलंकेतला एक, आनंदाने ओरडत. प्रत्येकाला कॉलसाइन, आवाज कसा येतो याचा आकडा आणि नकाशातल्या आपल्या चौकोनाचा क्रमांक सांगायचा, त्याचा घ्यायचा. ती घामाघूम, एका हातात संच, दुसऱ्या हाताने अँटेना आकाशात फिरवतेय. मी चॅनल बदलायच्या वेळा सांगत होतो. गुजरात. पुन्हा दिल्ली, दुसरे कोणीतरी. मग खरखर परत आली. उपग्रह आग्नेयेच्या रांगेआड गेला होता.

मालकांनी हिशेब विचारला. "कुटं कुटं पोचलं?"

"केरळ, दिल्ली, गुजरात, श्रीलंका."

"लंकेला पोचलं, आन् लातुरला न्हाई?"

घरी येऊन तिने थेट फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"बाबा, मी ऐकू येत नव्हते का?"

"स्वच्छ येत होतीस. थोडी घाई करायली होतीस बोलताना."

"मग मला बोलावलं का नाही?"

"तुझ्यासाठी एवढे लोक थांबलेले. एकाचं झालं की दुसरा बोलवायला. मी मधे कसा घुसू?"

"अहो, तुम्ही वडील आहात माझे!"

"हवेवर नाही," ते म्हणाले. "हवेवर मी एक स्टेशन. रांगेत उभा होतो. पास संपला."

"उद्या टेम्पो येणार आहे बाबा."

"संध्याकाळी. त्याच्या आधी एक पास आहे. मी बघितलंय." आणि पुढे, "तू आधी बोलू नकोस. मी सर्वांना हाक मारेन, तू मला उत्तर दे. म्हणजे रीतसर होईल."

फोन ठेवून तिने संच चार्जिंगला लावला. "बघितलं?" ती मला म्हणाली. "त्यांनी पास आधीच बघून ठेवलाय."

रविवारचा पास आदल्या दिवसापेक्षा कमी उंचीचा होता. उपग्रह डोक्यावर येणार नव्हता, रांगेच्या कडेकडेने जाणार होता. म्हणजे वेळ आणखी कमी. त्यासाठी माळाच्या अगदी वरच्या टोकाला, बांधाजवळ उभे राहणे भाग होते. मालक म्हणाले, "जावा बिनघोर, मी हाय." ते एका दगडावर बसले.

उपग्रह वर आला. तिने ठरल्याप्रमाणे तोंड मिटून धरले. केरळवाल्याने तिचे कॉलसाइन घेऊन हाक मारली, तीही तिने सोडली. पहिल्यांदाच ती उद्धट झाली होती. वडिलांनी सर्वांसाठी हाक दिली. तिने बटण दाबले, कॉलसाइन सांगितले, सोडले. वरच्या वाटेवर एका वेळी एकच आवाज मावतो आणि जो जोरकस तो जिंकतो. तिच्या हातातल्या संचाला कोणा मोठ्या स्टेशनने झाकून टाकले होते. वडिलांनी त्या स्टेशनला उत्तर दिले, आकडे घेतले, दिले, आभार मानले. एकही शब्द गाळला नाही. मला त्यांचा सभ्यपणा त्या क्षणी असह्य झाला.

"'येतोय' संपला, 'डोक्यावर' लाव," मी म्हणालो. तिने चॅनल बदलला.

दुसरी हाक. तिने पुन्हा उत्तर दिले. या वेळी तिच्या कॉलसाइनचा अर्धा भाग पोचला, कारण वडील इंग्रजीत म्हणाले की ज्याची शेवटची दोनच अक्षरे कळली त्या स्टेशनला तेवढे बोलू द्या, बाकी सर्वांनी थांबावे. हाक त्यांची होती, त्यामुळे कोणाला थांबवायचे हा अधिकारही त्यांचा होता. सगळे थांबले. वाट रिकामी झाली. अर्धा देश एका मुलीसाठी गप्प बसला होता.

आणि बांधापलीकडून चुलतभाऊ धावत आले.

"ए! टेप खाली ठेव! कुनाच्या हुकमानं मोजणी चाललीया?"

तिने बटण दाबलेले होते. ती कॉलसाइन सांगत होती, चौकोनाचा क्रमांक सांगत होती आणि मागून "मोजणी थांबवा!" ही हाक उपग्रहापर्यंत गेली. तिने बटण सोडले. पुण्याच्या कोणा स्टेशनला राहवले नाही. "मोजणी कुठल्या गावची?" असे त्याने मराठीत विचारले. वडिलांनी त्याला कोरडेपणाने थांबायला सांगितले.

मालक दगडावरून उठले होते. "आरं, मोजणी न्हाई त्ये!"

"मग त्ये काय हाय? पिवळा टेप हाय, आकडं हायेत, सरळ माज्या बांधावर धरलाय! मला येडा समजतुया व्हय?"

"वर धरलाय, वर! आभाळात कुनाची हद्द मोजत्यात का?"

"तुजा भरवसा न्हाई. आभाळातनं मोजनारं परदेशी मशीन आनलं आसंल!"

चुलतभावांनी अँटेनाच्या पुढच्या पट्टीला हात घातला. अँटेना खाली झुकली आणि संचातून नुसती खरखर येऊ लागली. तिने सोडली नाही. टेप ताणला गेला, वाकला. मी मध्ये पडायला पुढे झालो, पण मालकांनी त्याआधी चुलतभावाचे मनगट धरले.

"सोड. तिचा बाप बोलतुया त्यात."

"कुटं?"

"गप रहा, मंग ऐकू यील."

पट्टी सुटली आणि टणकन सरळ झाली. तिने अँटेना फिरवून आग्नेयेला रोखली, माझ्याकडे बघितलेही नाही, स्वतःच चॅनल खाली घेतला. खरखरीतून वडिलांचा आवाज वर आला. ते तिचे पूर्ण कॉलसाइन म्हणत होते. शेवटची दोन अक्षरे आणि आधीची सगळी. पुढे आवाजाचा आकडा, पाच नऊ, म्हणजे पूर्ण गुण. पुढे लातूरच्या चौकोनाचा क्रमांक, जो तिला पाळण्यात असल्यापासून पाठ असावा. त्यांनी तिला "मॅडम" म्हटले. हवेवर अनोळखी बाईला म्हणतात तसे.

चुलतभाऊ तोंड उघडे ठेवून उभे होते.

तिने बटण दाबले. आवाज सरळ ठेवायचा तिचा प्रयत्न दिसत होता. "रॉजर सर. तुमचाही पाच नऊ. धन्यवाद." बटण सोडले. आता त्यांच्याकडून पोच यायला हवी होती. पोच आली नाही तर संभाषण झाले असे कोणी धरत नाही, ते तर नाहीच. उपग्रह रांगेला टेकत होता. ती अँटेना डोक्यावर धरून उताराच्या वरच्या अंगाला धावली, बांध ओलांडून थेट चुलतभावाच्या रानात. त्यांनी अडवले नाही. तेही तिच्यामागे धावले.

"रॉजर," संच म्हणाला. "पोचले. सर्व पोचले."

ती ओरडली. शब्द कोणता ते कळले नाही. मालकांनी माझ्या पाठीत इतक्या जोरात थाप मारली की चष्मा उडाला.

वडील अजून बोलत होते. ते म्हणाले, हे स्टेशन आजपासून बंद होत आहे, सर्वांचे आभार, वाट मोकळी आहे. बस इतकेच. त्यांचा आवाज थांबला तेव्हा हिशेबाप्रमाणे उपग्रह अजून आमच्या टप्प्यात होता, रांगेच्या वर बोटभर. वाट खरोखर मोकळी होती, कोणी बोलेना.

मग एक बारीक, थरथरता आवाज आला. ईशान्येकडचे कोणी नवीन स्टेशन असावे, वडिलांच्या कॉलसाइनला हाक मारत होते. घोषणा त्याच्यापर्यंत पोचली नव्हती. त्याने पुन्हा हाक मारली. लातूरहून काही आले नाही. त्यांनी यंत्र बंद केले होते, आणि बंद केले म्हणजे केले.

"आता ह्यो कोन?" मालकांनी विचारले.

तिने संच तोंडाजवळ घेतला. मग बटण दाबले. ते स्टेशन बंद झाले आहे, ती इंग्रजीत म्हणाली, मी उत्तर देते आहे. तिने आपले कॉलसाइन सांगितले, आकडा दिला, आमच्या खोऱ्याच्या चौकोनाचा क्रमांक दिला, वडिलांसारखे एकेक अक्षर सुटे करून, बिलकुल घाई न करता, आणि बटण सोडून अँटेना रांगेच्या कडेवर रोखली.

पलीकडून उत्तर आले. तिचा आवाज पोचला होता, पण कॉलसाइनमधले एक अक्षर चुकले होते. "नाही सर, परत घ्या," ती म्हणाली, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली.